‘जेवढं भांडं तेवढंच कासव’ हे खोटं आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शहरातल्या एका दुकानातून मी मुलासाठी कासवाची दोन पिल्लं आणली. ग्लुकोज बिस्किटापेक्षा लहान, हिरवीगार पाठ, डोळ्यांमागे लाल पट्टा. त्यातलं एक फेब्रुवारीत गेलं. ते आजारानं गेलं असं मी सगळ्यांना सांगत होते, पण तो आजार आम्हीच दुकानात मिळालेल्या सल्ल्यानुसार रोज थोडा थोडा त्याला देत होतो.

काउंटरवरच्या मुलानं सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. “काय करायला लागत नाही ताई. पाण्यात ठेवायचं, दिवसाला चिमूटभर खाद्य टाकायचं. जेवढं भांडं तेवढंच वाढतंय ते.” सोबत प्लॅस्टिकचं झाड असलेलं एक बाऊल आणि जवळ्यासारख्या दिसणाऱ्या सुक्या कोळंबीची डबी दिली. घरात कुठल्या दिशेला ठेवलं की लक्ष्मी येते, हेही सांगितलं. आमच्या सासूबाईंना ते फार पटलं. देवळात शिरताना देवाच्या आधी कासवाला हात लावणारी आपण माणसं, आपल्या दारात ते आलं तर आनंदच होणार.

आता खरं काय ते लिहिते. हे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादी पुढे जेवणाच्या ताटाएवढी होते आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचं लग्न होईपर्यंत ते आमच्या घरात असणार होतं. लहान भांड्यात ते लहान राहत नाही, त्याची वाढ खुंटते, आणि खुंटलेलं जनावर आजारी असतं.

डिसेंबरात रात्री आपल्याकडे गारठा पडला तसं दोघांनी खाणं सोडलं. पाणी बर्फासारखं लागायचं. हा प्राणी थंड रक्ताचा, पाणी गार पडलं की त्याचं पचनही थांबतं. त्याला साधारण २५-२६ अंशांचं पाणी हवं, हीटर लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग एकाचे डोळे सुजले. पापण्या फुगून बंद झाल्या आणि नाकाशी आलेलं खाद्यही त्याला दिसेना. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, थंडीत झोपतंय ते, काळजी करू नका. आठ दिवसांनी प्रत्यक्ष गेले तेव्हा माशांसाठीच्या निळ्या औषधाची बाटली हातात मिळाली. पाणी निळं झालं, डोळे तसेच राहिले. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं की जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडतं आणि डोळे असे सुजतात, हे मला फार उशिरा कळलं.

गाई-म्हशी आणि कुत्र्यांचे डॉक्टर आपल्याकडे भरपूर आहेत, कासव तपासणारा शोधायला आम्हाला तीन दवाखाने फिरावे लागले. तिसऱ्या डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेतलं आणि मला म्हणाले, “पाठीवर बोट ठेवा, हळूच.” मी ठेवलं. पाठ दबली. भिजलेला पुठ्ठा दबतो तशी. कासवाची पाठ टणक असते एवढं तर शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि मी महिनाभर ते पिल्लू हातात घेऊन पाणी बदलत होते, मला एकदाही कळलं नव्हतं.

मी म्हटलं, ऊन मिळतं की, बाऊल खिडकीतच ठेवलाय. त्यावर त्यांनी समजावलं की खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, ऊब येते, पण कासवाला लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. ते किरण नाहीत तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. हाड आणि पाठ दोन्ही मऊ पडतात. शिवाय बाऊलमध्ये कोरडं होऊन बसायला जागाच नव्हती. दिवसरात्र पोहतच राहायचं.

दुसरं पिल्लू वाचलं. आता मोठा टब आहे, चढून बसायला वीट आहे, वर यूव्हीबी दिवा आहे, फिल्टर आणि हीटर आहे. खायला कासवाचं खाद्य, माशाचा तुकडा, पालेभाजी. सकाळी अर्धा तास टब गच्चीवर नेतो, अर्ध्या भागावर सावली धरून, आणि घार-कावळ्यांमुळे कुणीतरी तिथं बसून राहतं. या सगळ्याला कासवांच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले. हे आधी कळलं असतं तर आम्ही बहुधा कासव आणलंच नसतं, आणि दुकानं गप्प बसतात त्याचं कारणही तेच असावं.

आणखी एक. मुलगा पिल्लू गालाला लावायचा, मी बाऊल स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना ते भारी पडतात. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आपल्याकडे मुलांना विकतात ती बहुतेक त्याच मापाची.

शेजारच्या काकू म्हणाल्या, उरलेलं रंकाळा तलावात सोडून ये, पुण्य लागेल. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण कृपा करून कुणी असं करू नका. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं या कासवाचं नाव घातलं आहे. आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा ते बळकावतं, सोबत रोगही नेतं. आपली कासवं पाळणं-विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कायद्यानं जपलेल्या त्या जिवांच्या तळ्यात आपणच परका सोडायचा, हे पुण्य कसलं?

काउंटरवरच्या मुलावर माझा राग नाही. विशीतलं पोर, मालकानं जे सांगितलं तेच त्यानं मला सांगितलं. पण मालकाला माहीत असायलाच हवं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. शहरातल्या किती दुकानांची ती आहे, हे महानगरपालिका आणि पशुसंवर्धन विभागानं तपासून जाहीर करावं. आणि कासवाच्या टाकीवर मराठीत एक पाटी लावायला लावावी: किती मोठं होतं, किती वर्षं जगतं, कुठला दिवा आणि किती ऊब लागते. ज्याला सांभाळणं जमत नाही त्याच्याकडून कासव परत घेण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावरच टाकावी.

गेल्या आठवड्यात दिव्याची नळी आणायला त्याच दुकानात गेले होते. ती त्यांच्याकडे नव्हती, कधी ठेवतच नाहीत म्हणाले. टाकीत मात्र नवीन दहा-बारा पिल्लं होती. बसायला दगड नसल्यानं एकमेकांच्या पाठीवर चढत होती.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर