पिंपात मुरलं की अगावेचं काय होतं?

प्रिय सुहास,

व्हिस्की जितकी जुनी तितकी चांगली, मग टकीलातही अन्येहोच (निदान वर्षभर पिंपात मुरवलेली) घ्यावी का, असं तू विचारलंस. आधी ती नको.

कारण झाडातच आहे. टकीला होते निळ्या अगावेपासून; ते म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचं भावंड. ते मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात सहा-सात वर्षं जमिनीत उभं असतं. पानं तासून उरलेला गड्डा भट्टीत वाफवला की भाजलेल्या रताळ्यासारखा गोड वास येतो, मागून मिरी आणि ओलं गवत. हे सगळं दोनदा ऊर्ध्वपातन करूनही ब्लांकोत, म्हणजे न मुरवलेल्या टकीलात, उतरतं. व्हिस्कीला बराचसा स्वभाव पिंपाकडून मिळतो. टकीला स्वतःचा घेऊनच पिंपात शिरते.

लाकूड तिला व्हॅनिला देतं, ओकचा खोबऱ्यासारखा वास देतं, आणि लवंगेत असतं तेच युजेनॉलही. पिंपाच्या आतला जळका थर कच्चा उग्रपणा शोषतो, फटींतून शिरणारी हवा धार बोथट करते. पण गवत-मिरीचे हलके वासही यातच मागे पडतात. लोणचं मुरतं तसंच हे. फार मुरलं की कैरी कुठली, ते ओळखू येत नाही.

कायद्याने रेपोसादोला, म्हणजे थोडीच मुरवलेल्या टकीलाला, ओकमध्ये किमान २ महिने लागतात, पिंपाच्या आकाराला मर्यादा नाही. अन्येहोला १ वर्ष, एक्स्ट्रा अन्येहोला ३ वर्षं (हा वर्ग २००६ पासून), आणि दोन्हींसाठी पिंप ६०० लिटरपर्यंतच. आकाराकडे लोक बघत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या २०० लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श २०,००० लिटरच्या टाकीपेक्षा साडेचार पटींहून जास्त. म्हणून दोन्ही सहा महिनेच मुरल्या, तरी एक रेपोसादो ब्लांकोसारखी लागते आणि दुसरी अन्येहोकडे झुकते. त्यात पिंप किती वेळा वापरलंय हेही आलं: बर्बननंतर पहिल्यांदाच भरलेलं पिंप झपाट्याने व्हॅनिला सोडतं, थकलेलं वर्षभरातही फारसं काही देत नाही.

रंगावर मात्र भुलू नकोस. कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे एक टक्क्यापर्यंत घालायला नियमाने मुभा आहे. गडद सोनेरी रंग वयाचा दाखला नव्हे.

चव घ्यायची तर एकाच कारखान्याच्या ब्लांको, रेपोसादो, अन्येहो तिन्ही घे. बाटलीवरचा चार आकडी नोम (NOM) क्रमांक, म्हणजे कारखान्याची ओळख, जुळवून पाहा. लेबलवर १०० टक्के अगावे लिहिलेलं हवंच, नाहीतर ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसरीकडची असू शकते. निमुळत्या तोंडाच्या पेल्यांत २०-२० मिली ओत, दहा मिनिटं थांब. बर्फ, मीठ, लिंबू काही नको. ब्लांकोपासून सुरुवात कर, नाहीतर ओक जिभेवर बसतो आणि पुढचं काही कळत नाही. अन्येहोत अर्धा चमचा पाणी घाल. घोट गिळल्यावर व्हॅनिला ओसरला की मागे काय उरतं ते बघ. रताळं आणि मिरी परत आली तर पिंप नीट सांभाळलंय. जीभ उकळून काळ्या झालेल्या चहासारखी कोरडी पडली, तर लाकडातलं तुरट टॅनिन जास्त झालं.

एकच बाटली घ्यायची असेल तर चार ते आठ महिन्यांची रेपोसादो घे. आणि दुकानदार क्रिस्तालिनो पुढे करेल, तर ती ब्लांको समजू नकोस: ती मुरवलेलीच असते, कोळशातून गाळून रंग काढलेली. रंग जातो, व्हॅनिला बराचसा राहतो.

तुझा,
अनिल