शाळेच्या मैदानाची चावी आमच्याकडं द्या

संपादक साहेब, नमस्कार.

पोरं बिघडली, मोबाईलनं वाटोळं केलं, असली पत्रं तुमच्याकडं रोज येत असतील. माझी केज तालुक्यात पिठाची गिरणी आहे, शाळेच्या बरोबर समोर, त्यामुळं गावातली लेकरं दिवसभर डोळ्यासमोर असतात आणि मला तर वाटतं बिघडायचं सोडा, पाचनंतर त्यांना जायला जागाच नाही. शाळा सुटली की गेटला कुलूप. मग पोरं पारावर नाहीतर पुलाच्या कठड्यावर, एका मोबाईलवर चौघं वाकलेले. पोरी तर दिसतच नाहीत.

दसऱ्यानंतर अजून अवघड. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आईबाप साखर कारखान्यावर, पट्टा पडेपर्यंत म्हणजे हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने तिकडंच, अन् लेकरं आजी-आजोबाकडं. मागच्या साली नववीतली एक पोरगी दळण घेऊन यायची बंद झाली, विचारलं तर कळलं पाहुणे बघून गेलेत. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जोडी असली की उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात, म्हणून लग्नं लवकर उरकतात हे सगळ्यांना माहितीय. पण आजीचं कारण वेगळंच निघालं. म्हणली, मला रातचं दिसत नाही, वयात आलेली पोर, काही कमीजास्त झालं तर लेकाला काय तोंड दाखवू? अंगणवाडीच्या ताई आणि बचत गटाच्या दोघी जाऊन बसल्या होत्या. अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे, गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, लेकरांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन जाऊ शकतो, हे सगळं सांगून झालं, आजी नुसती ऐकत होती. शेवटी शेजारीण म्हणली, रातचं माझ्या पोरीसंगं झोपू द्या की. झालं! पोरगी आता दहावीला आहे.

आता खेळाचं. २०२५ ला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप आपल्या पोरींनी जिंकला, कॅप्टन प्रियांका इंगळे, आमच्याच तालुक्यातल्या कळंबअंबाची. पण ती खेळात तयार झाली पुण्याकडं. आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांची शर्यत) चमकला तो लष्करात गेल्यावर. म्हणजे पोरं आमची, पण मैदान दुसऱ्याचं. आम्ही सत्काराचे बॅनर लावायला मात्र पुढं (बॅनरच्या वर्गणीत मीपण होतो, खोटं कशाला बोलू).

सांगलीकडं मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी भोंगा वाजतो अन् दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. चांगलंच आहे. पण आमच्यात नुसता बंद करून पोरानं जावं कुठं?

हेडमास्तर म्हणतात, कुलूप काढलं अन् काही झालं तर जबाबदारी कुणाची? त्यांचंही खरंय, उद्या काचा फुटल्या तर नोटीस त्यांनाच. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज दिलाय. रोज पाच ते आठ मैदान उघडं, दोन मोठी माणसं पाळीनं हजर, पहिला दीड तास फक्त पोरींचा अन् तेव्हा बचत गटातल्या बाया बसतील. डीजेच्या वर्गणीतून दोन लाईट आणि खो-खोचे खांब आरामात होतात, कोच नंतर बघू. त्या दोन माणसांनी भाषण करायचं नाही, नुसतं बसायचं, कुणी तीन दिवस दिसलं नाही तर घरी जाऊन विचारायचं.

अर्जाला दोन महिने झाले, उत्तर नाही. चावी माझ्याकडं दिली तरी चालेल, मी रात्री नऊपर्यंत गिरणीतच असतो.

एक गिरणीवाला, ता. केज, जि. बीड