शांत बाळ

प्रिय सुमे,

चार महिने तुझ्या एकाही फोनला उत्तर दिलं नाही, रागावली असशीलच. तब्येत बरी आहे, ॲसिडिटी जुनीच. पण हे तुलाच सांगावंसं वाटलं, घरी सांगून कुणाला कळायचं नाही.

मंगळवारी धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर एचबी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी होती, सहा महिने ते पाच वर्षांची पोरं. दहा महिन्यांचा एक मुलगा आईच्या मांडीवर गप्प बसलेला. बोट टोचलं तर नुसतं तोंड वाकडं केलं, रडला नाही गं. पहिला थेंब कापसाने पुसला, दुसरा आला तो फिक्कट, पाणी घातल्यासारखा. मशीनवर ६.४. वाटलं मीच बोट पिळलं असेल (यावरूनच हॉस्टेलला आपण दोन दिवस बोललो नव्हतो ना, पिळलं की पाणी मिसळून एचबी कमी दिसतं, तूच बरोबर होतीस, घे, लेखी दिलं!) म्हणून दुसऱ्या हाताचं घेतलं, अजिबात न पिळता. ६.३.

७ च्या खाली म्हणजे सिव्हिअर ॲनिमिया, अंगात रक्त फारच कमी, लगेच नंदुरबारला पाठवला, ॲडमिट आहे, सिकलसेलची, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, टेस्टपण लावलीय. पण सुमे, गेल्या महिन्यात याला गोवराची सुई मीच दिली होती. तेव्हाही रडला नव्हता आणि मी आईला म्हटलं, किती शांत बाळ गं तुझं, गुणाचं आहे. ती केवढी हसली होती! पापणी खाली ओढून आतून फिक्कट आहे का बघायला कितीसा वेळ लागतो?

घरी गेले तर आयर्नचं सिरप फळीवर, जवळजवळ भरलेलं. आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं, पण शी काळी झाली म्हणून घाबरून बंद केलं. काळी होते, घाबरू नको, हे मी तिला सांगितलं होतं का तेच आठवत नाहीये. आईच्या पोटातून आणलेलं लोह सहा महिन्यांत संपत येतं, आणि याला वरचं खाणं म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. २०१९-२१ च्या सर्व्हेत राज्यातली शंभरातली ६९ पोरं ॲनिमियाची, त्याआधी ५४ होती, हे मी ट्रेनिंगमध्ये घडाघडा सांगितलेलं.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? नाइट ड्युटी संपली? आणि मेसच्या पोळ्यांवर अजून भांडतेस की नाही?

शनिवारी नंदुरबारला जाणार आहे त्याला बघायला. सुई बघून रडला तर तिथूनच तुला फोन करते.

तुझीच,
मंदा