कट्ट्याच्या शिक्षेनंतरचे ३० दिवस

महोदय,

‘गावठी कट्ट्यासह तरुण जेरबंद’ अशी बातमी वृत्तपत्रांत नेहमी येते. त्याला पुढे शिक्षा झाली, त्याने अपील केले, अपिलात काय ठरले, हे मात्र क्वचितच छापून येते. मग अपील म्हणजे पैसेवाल्यांची पळवाट, असा समज रुजतो.

शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली, स्वयंचलित बंदुकीसारख्या प्रतिबंधित शस्त्रासाठी पाचावरून सात वर्षांवर. कट्ट्यांचा सुळसुळाट पाहता कडक शिक्षा हवीच. पण म्हणूनच अपिलात पुरावा दुसऱ्यांदा तपासला गेला पाहिजे. जप्तीचे साक्षीदार असलेले पंच फितूर झाले का? शस्त्र जागेवरच मोहोरबंद केले का? त्यातून गोळी सुटते, असा तज्ज्ञाचा अहवाल आहे का? खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी होती का? आणि ते शस्त्र आपल्या ताब्यात आहे, हे आरोपीला ठाऊक तरी होते का? किमानपेक्षा कमी शिक्षा द्यायची तर ‘पुरेशी व विशेष कारणे’ निकालपत्रात नोंदवावी लागतात. ती कैद्याने एकट्याने कशी मांडायची?

अभिनेते संजय दत्त यांची बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने दिलेली सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये पाच वर्षांवर आणली. अपील प्रलंबित असताना ते जामिनावर होते. यात गैर काहीच नव्हते, तो त्यांचा हक्कच होता. माझा आग्रह एवढाच की, वकील परवडत नसलेल्या कैद्यालाही तो तसाच मिळावा.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायला मुदत ३० दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, पण तोवरचे दिवस तुरुंगातच जातात. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात उच्च न्यायालयाच्या १९७३च्या निकालाची प्रत आपल्याला १९७८मध्ये मिळाली, असे याचिकाकर्त्याचे म्हणणे होते. तोवर शिक्षा भोगून झाली होती. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, कैद्याला निकालाची प्रत वेळेत व मोफत द्या आणि गरजूला अपिलासाठी वकीलही द्या. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अपील लवकर ऐकता येत नसेल, तर शिक्षा स्थगित करण्याचा विचार उदारपणे व्हावा, असेही याच न्यायालयाने १९९९मध्ये सांगितले आहे.

तेव्हा शिक्षा झाल्यापासून आठवडाभरात गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने कैद्याची भेट घ्यावी आणि त्या भेटीची तुरुंगात नोंद राहावी. आपल्यालाही विनंती, की अटकेची बातमी ज्या पानावर छापली, त्याच पानावर अपिलाचा निकालही छापावा.

– एक वाचक, सातारा