टेस्टिंगला दोघं जातात, मग गाडी कोण चालवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जानेवारीला लागून आलेल्या सुट्टीत मी आणि माझे मिस्टर कल्याणहून नाशिक आणि तिथून भंडारदरा असं फिरून आलो. लग्नाला २५ वर्षं झाली, मुलगी म्हणाली हॉल वगैरे काही करू नका, दोघंच कुठेतरी जाऊन या. आमच्याकडे गाडी मी चालवते, ह्यांचं शिकायचं राहून गेलं ते राहिलंच. हे आधीच सांगते कारण पत्राचा सगळा विषय तोच आहे: वायनरीत, म्हणजे वाइन बनवतात तिथे, टेस्टिंगला (वाइन चाखायला) गेलं की परतताना गाडी कोण चालवणार.

पहाटे साडेपाचला निघालो. हे म्हणत होते समृद्धीने बोगद्यातून जाऊ, पटकन होईल, मी म्हटलं नको, कसारा घाट बघायचाय आणि घाटनदेवीला नमस्कार करून पुढे जायचंय. इगतपुरी सोडली की उजव्या हाताला कळसूबाईची रांग आणि डावीकडे लांबवर त्र्यंबकचे डोंगर, मधे भाताची रिकामी खाचरं, दवाने ओली, आणि त्यावर ऊन पडायला लागलेलं. दोन ठिकाणी गाडी बाजूला घेऊन नुसते उभे राहिलो. इतकी वर्षं ट्रेनने नाशिकला गेलोय पण हे असं कधी बघितलंच नव्हतं.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत आधी बुकिंग केलं होतं. नाव लिहीत नाही कारण हा प्रश्न एका वायनरीचा नाहीये. बागेत फिरवतात तो भाग खरंच छान होता. काढणी सुरू होती, घड दाखवले, आपण बाजारातून आणतो त्या थॉमसनसारखे लांबट मणी नाहीत, लहान, गोल, साल जाड, आत बिया, पण तोंडात टाकला तर इतका गोड की बोटं चिकट झाली. तिथे काम करणाऱ्या एका काकांनी फार छान समजावून सांगितलं, एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), पाऊस संपता संपता गोडी छाटणी (फळासाठी), मग जानेवारी ते मार्च काढणी. खायच्या द्राक्षाला जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग करून, म्हणजे घड त्यात बुडवून, मणी फुगवतात, वाइनच्या द्राक्षाला तसं करत नाहीत, कारण रंग आणि वास सगळा सालीत असतो, मणी लहान तेवढी साल जास्त. लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरीचा रस आधीच काढून घेतात हेही तिथेच कळलं. नाशिकच्या शेतकऱ्याने काय मेहनत घेतलीये ह्याचा मला मनापासून अभिमान वाटला. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षावरच्या प्रक्रियेचं धोरण आणलं, त्याच्या आधीपासून काही मंडळी ह्यात उतरली होती, आणि आज नाशिकच्या वाइनला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे मी वाइनच्या विरोधात हे पत्र लिहीत नाहीये, हे कृपया लक्षात घ्यावं.

आता टेस्टिंग. मनगटाला कागदी पट्टी बांधली, टेबलापाशी उभं केलं, सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिली. ग्लास कसा धरायचा, फिरवायचा कसा, वास कसा घ्यायचा सगळं सांगितलं, पण तुमच्यापैकी गाडी कोण चालवणार आहे हे मात्र कोणीही विचारलं नाही. आमच्या शेजारी आठ जणांचा ग्रुप होता, त्यांनाही नाही. सोमवारी ड्राय डे म्हणून सगळी गर्दी त्या शनिवारी-रविवारी आलेली, एक बॅच संपली की दुसरी, आणि प्रत्येक बॅच संपल्यावर पार्किंगमधून गाड्या बाहेर. मी वाचून गेले होते की चाखून थुंकायची पद्धत असते, जाणकार लोक तसंच करतात, म्हणून मी भांडं मागितलं. मुलगा गोंधळला, म्हणाला मॅडम आवडली नाही का, मग आत जाऊन एक स्टीलचा मग घेऊन आला. मी सगळ्या सहा वाइन त्यात थुंकल्या. लोक बघत होते, बघू देत. सोविन्यों ब्लां ह्या पांढऱ्या वाइनला खरंच ताज्या कापलेल्या सिमला मिरचीसारखा वास येतो, शिराझ ह्या लाल वाइनला मिरीचा, हे मला न पिताही कळलं, आणि चव घेतल्याचं समाधानही मिळालं.

मी ३० वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून हिशोब सांगते. सहा गुणिले ३० म्हणजे १८० मिली वाइन, साडेबारा टक्के धरलं तर साधारण साडेबावीस मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम. माझ्यासारख्या ५५ किलोच्या बाईने सकाळी नुसत्या चहावर ते घेतलं तर रक्तातलं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या वर सहज जातं. मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, मोटार वाहन कायदा कलम १८५, पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि लोक टेस्टिंगवर थांबत नाहीत, नंतर जेवणाबरोबर ग्लास होतो, बाटली होते. "घोटभरच घेतलीये, काही होत नाही" हे वाक्य त्या दिवशी पार्किंगमध्ये मी माझ्या कानांनी तीनदा ऐकलं.

बाहेर पडून जेमतेम दोन किलोमीटर गेलो असू. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी बागा. मागून एक पांढरी गाडी जोरात आली, आम्हाला ओव्हरटेक करून आत घुसली आणि पुढे चाललेल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलला घासली. तो माणूस कॅनसकट कडेला पडला. मी करकचून ब्रेक मारला, आमच्यात आणि त्याच्यात हातभर अंतर राहिलं असेल. एका कॅनचं झाकण उडालं आणि दूध डांबरावरून वाहत वाहत आमच्या पुढच्या चाकापाशी आलं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आम्ही धावत गेलो, ह्यांनी मोटारसायकल उचलली, त्या दादांचा गुडघा आणि कोपर सोलवटलं होतं, मी फर्स्ट एड बॉक्समधलं लावलं. पांढरी गाडी थांबली तेवढी मात्र. पंचविशीचा मुलगा उतरला, सॉरी सॉरी म्हणत पाचशेची नोट दादांच्या खिशात कोंबली आणि निघून गेला. त्याच्या मनगटाला माझ्यासारखीच कागदी पट्टी होती. मी पोलिसांना फोन करू म्हटलं तर दादा म्हणाले, "जाऊ द्या ताई, दुधाची वेळ चुकते, शनिवार-रविवार हे असंच असतंय." शनिवार-रविवार असंच असतंय हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला काही बोलताच आलं नाही.

तिथून घोटीला परत येऊन बारी गावावरून भंडारदऱ्याच्या शेंडी गावाला गेलो, कळसूबाईच्या पायथ्याने. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेलं. गुरं घरी परतत होती, बायका मोळ्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होत्या, आणि मी प्रत्येक वळणावर तो दूधवाला आठवून वीसच्या स्पीडने.

भंडारदऱ्याला तलावाच्या काठी एका शेतात तंबू बुक केला होता. मालक गावातलेच, तिशीचे असतील. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर पाण्याचा तांब्या दिला आणि गाडीची चावी मागितली. म्हणाले, "ताई, इथे सगळ्यांच्या चाव्या माझ्या डब्यात राहतात, सकाळी चहा झाला की देतो. कोणी आजारी पडलं तर मी स्वतः गाडी काढतो, मी घेत नाही." पत्र्याचा बिस्किटाचा डबा होता, त्यात आधीच सहा-सात चाव्या. कुठला नियम नाही, कुठलं सर्टिफिकेट नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. मोठा स्पीकर लावायचा नाही आणि अंधारात पाण्यात उतरायचं नाही हेही तिथल्या तिथे सांगितलं. रात्री नागलीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, चुलीपाशी बसून. थंडी अशी की भाकरी ताटात यायच्या आत गार. मग आम्ही नाशिकहून परमिट काढून रीतसर आणलेली बाटली उघडली, स्टीलच्या पेल्यात थोडी थोडी घेतली, डोक्यावर मृग नक्षत्र स्पष्ट दिसत होतं. हे म्हणाले, "आता तू पण घे, आता कुठे जायचंय." दिवसभर चाखून थुंकलेली शिराझ मी तेव्हा पहिल्यांदा गिळली. सकाळी तंबूवर एवढं दव की आतून बोट लावलं की पाणी टपकायचं, आणि तलावावर धुकं, विल्सन धरणाची (तेच भंडारदरा धरण) भिंत अर्धीच दिसत होती.

म्हणून माझं म्हणणं असं की जे भंडारदऱ्याच्या एका शेतकऱ्याला सुचतं ते लाखोंचा धंदा करणाऱ्यांना का सुचू नये. पट्टी बांधतानाच विचारा गाडी कोण चालवणार, त्याला वेगळ्या रंगाची पट्टी द्या, त्याच्याकडून टेस्टिंगचे पैसे घेऊ नका, द्राक्षाचा रस द्या, आणि ज्याला चाखायचंय त्याच्यासमोर थुंकायचं भांडं टेबलावरच ठेवा, मागायला लावू नका. गाडीत मुलं, म्हातारे, दोन बायका असं कोणीही असू शकतं, म्हणून बाप्या माणूस दिसला की तोच ड्रायव्हर असं धरू नका. आणि ज्यांना दोघांनाही प्यायचीये त्यांनी जायचं कसं? नाशिकमध्ये सिटीलिंकच्या बस आहेत, पर्यटन महामंडळ आहे, डिसेंबर ते मार्च शनिवार-रविवारी नाशिकरोड स्टेशनवरून निघून गंगापूर धरणाकडच्या चार-पाच वायनऱ्या करून संध्याकाळी परत स्टेशनला सोडणारी एक गोल फेरी चालवा, तिकीट टेस्टिंगच्या बुकिंगबरोबरच घ्या. मुंबईहून माणूस सकाळच्या ट्रेनने येईल आणि रात्रीच्या ट्रेनने जाईल, गाडी घरीच राहील. आम्ही तर नक्की असेच जाऊ, मला पण एकदा सहाच्या सहा गिळायच्या आहेत.

पोलिसांनाही विनंती आहे, नाकाबंदी हायवेवर करता तशी ह्या बागांमधल्या आतल्या रस्त्यांवर दुपारी तीन ते सात करा. दूध, भाजी, शाळेची पोरं सगळी त्याच रस्त्याने जातात. काढणी मार्चपर्यंत आहे, अजून बरेच शनिवार-रविवार बाकी आहेत.

आपली,
एक वाचक, कल्याण