कपाट आणि तुझं नख

कोथरूड, पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मध्या,

सप्रेम नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोनवर तू 'नाही' फार पटकन म्हणतोस. या पत्रात तुझ्याकडे एक मागणं आहे. ते शेवटी आहे, आणि मधलं वाचल्याशिवाय तिकडे उडी मारायची नाही.

बिल्डिंग पाडणार हे तुला ठाऊकच आहे. चार वर्षं त्या पुनर्विकासाच्या, कलम ७९ (अ)च्या सभा, फेरसभा आणि कोरमअभावी तहकूब सभा यांत गेली, आणि आता एकदम घाई. ३० तारखेला रिकामा ताबा द्यायचाय. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणार, सामान हलवायचे पैसे एकदाच. भाड्याची जागा दोनच गल्ल्या पलीकडे मिळाली, पण एक खोली कमी. म्हणजे बेचाळीस वर्षांत साठलेल्यातलं निम्मं तरी घराबाहेर काढायचं.

मला वाटलं, त्यात काय अवघड? चांगलं ते विकू, बरं ते वाटू, उरलेलं भंगारात. सगळं उलटं झालं बघ.

आधी सोफ्याचं ऐक. तोच तो, एल आकाराचा, २००९ साली ३८ हजारांना घेतलेला, ज्यावर तू मागच्या दिवाळीत तोंड उघडं टाकून झोपला होतास. पोराने फोटो काढून ऍपवर टाकला. सहा हजार सांगितले, मग तीन, मग 'फुकट, फक्त घेऊन जा'. तर एका गृहस्थांनी विचारलं, घरपोच द्याल का? दुसरा त्याहून हुशार. लष्करात आहे, बदली झालीये, पैसे आधीच पाठवतो म्हणाला आणि मोबाइलवर चौकोनी कोड धाडला, की हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. मी चष्मा लावून पिन टाकायला बसलोच होतो. पोराने हातातून फोन ओढला. "बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो!" वाचलो.

मग मी मोठ्या मनाने कामाच्या मावशींना म्हटलं, सोफा तुम्ही न्या. त्या पदर खोचून सोफ्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "दादा, आमची खोली दहा बाय दहाची. ह्यो ठेवला तर आमी काय दारात झोपायचं? आन् ह्येच्यात ढेकनं असत्याली." मी तोंडात मारल्यासारखा गप्प. आपल्याला नको झालेलं दुसऱ्याला हवंच असणार, ही समजूत कुठून येते आपल्याकडे कोण जाणे. त्यांनी नीट पारखून चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टूल आणि भांड्यांची मांडणी नेली. सोफा शेवटी एका टेम्पोवाल्याने नेला. वर ५०० रुपये मी त्याला दिले.

प्लायचं सगळं असंच. टीव्ही युनिट, पोराचं कपाट, किचन ट्रॉलीची खोकी. एकदा स्क्रू काढला की तो त्याच भोकात परत धरत नाही, आणि नळाच्या गळतीने खालची कड पुरीसारखी फुगलेली. भंगारवाला त्याकडे बघेना. त्याचा डोळा आईच्या लोखंडी कपाटावर. २८ रुपये किलो म्हणाला. पण त्याचा तो हातातला काटा, त्याला कपाट अडकवणार कसं? म्हणून 'अंदाजे सत्तर किलो'. मी म्हटलं, अरे, चौघांनी उचलताना तुझ्या पोरांची कंबर धरली, ते सत्तर किलो? नव्वदवर तुटलं.

सगळ्यात पटकन काय गेलं सांगू? बाबांची कॉट. शेवटच्या आजारपणात घेतलेली, डोक्याकडून वर उचलणारी. ती कोणी घरात घेणार नाही असं मी धरून चाललो होतो. तुझी वहिनी नीता म्हणाली, रुग्णोपयोगी साहित्य केंद्राला विचार, ते लोक डिपॉझिटवर पेशंटना वापरायला देतात. सकाळी फोन केला, दुपारी दोन माणसं येऊन घेऊन गेली. तिची जागा रिकामी झाली तर फरशीवर चार पायांचे चार पांढरे गोल. त्या दिवशी मग दुसरं काही आवरलं नाही.

पाट, जुनी कुलपं, पितळी कड्या घेऊन बुधवारी जुन्या बाजारात गेलो. विकायला गेलो आणि एक पानाचा डबा घेऊन आलो. यावर घरात झालेलं बोलणं लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. सागवानी कपाट.

शनिवार पेठेतला वाडा सोडला तेव्हा ते हातगाडीवरून इथं आलं. जिन्याच्या वळणावर अडकलं, मग हमालांनी दोर लावून गॅलरीतून वर ओढलं. तू आणि मी तेरा वर्षांचे. तू खालून "सावकाश, सावकाश" असं ओरडत होतास, जसं काही तुलाच सगळं कळतंय. आणि कठड्याशी शेवटचा धक्का देताना मध्ये बोट घातलंस. उजव्या हाताचं मधलं. नख काळं पडून महिन्याने गळालं. आईने हळदीचा लेप लावून तुला दोन बेसनाचे लाडू दिले होते, आणि मला एक.

पुढे ९१ साली चोरीनंतर गॅलरीला ग्रिल बसलं. म्हणजे कपाट बाहेर काढायचं तर ग्रिल कापायला हवं. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणे, करारात लिहिलंय, दारं, खिडक्या, ग्रिल यांना सभासदांनी हात लावायचा नाही, ते आता पाडकामवाल्याचं. अहो, महिन्याभरात अख्खी इमारत जमीनदोस्त होणार, ग्रिलचं काय घेऊन बसलात! तरी नाही. दोन अर्ज दिले, एकदा जिन्यात आवाज चढला, नीताने आत ओढून नेलं. दरम्यान एक व्यापारी येऊन गेला. उभं कपाट नको, कापून लाकूड द्या, घनफुटाने पैसे देतो म्हणाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

शेवटी कापायच्याच तयारीने सुतारमामांना बोलावलं. त्यांनी करवत पिशवीतून काढलीच नाही. वरच्या नक्षीच्या पट्टीखाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, याला कापायचं कशाला? हे सुटं होतंय." लाकडी मोगरीने चार हलके ठोके, एक खुंटी बाहेर. मग दुसरी. अख्ख्या कपाटात एक खिळा नाही रे! पाऊण तासात अकरा तुकडे, आणि अकराही तुकडे साध्या दारातून बाहेर आले.

म्हणजे १९८३ साली दोराची गरजच नव्हती. बाबांना माहीत नव्हतं, हमालांना माहीत नव्हतं, आणि तुझं नख फुकट गेलं.

थांब, अजून आहे. खालची चौकट सोडवताना सांध्यातून भसकन माती पडली. माझ्या पोटात गोळा, वाळवी! मामांनी ती चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला. "वाळवी नाय. गाळ हाय, नदीचा." मागच्या फळ्या उजेडात धरल्या तर कमरेएवढ्या उंचीवर एक काळपट रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. आजी दर १२ जुलैला सांगायची ना, पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि पाणी उतरल्यावर कपाटात साड्यांऐवजी चिखलाची घडी होती म्हणून? आपण तिची नक्कल करायचो. कपाट भिंतीला लावलेलं, मागे कधी कोणी बघितलंच नाही. पुरात बुडालेलं सागवान चौसष्ट वर्षांनी जसंच्या तसं, एक सांधा हललेला नाही. आणि माझं ते टीव्ही युनिट नळाच्या गळतीने गेलं. नीता केरसुणी घेऊन उभी होती, तिनेही माती लगेच लोटली नाही. मग लोटली.

तर आता ओळखलं असशीलच. भाड्याच्या घरात ते मावत नाही, तुझी वहिनी आणि मी दोघांनीही टेप लावून पाहिलं. मेहुण्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवलंय, पण तो रोज सकाळी 'गाडी काढायला त्रास होतो' असा मेसेज करतो. वाईच्या घरात तुझी ती उत्तरेकडची भिंत रिकामी आहे, मी गणपतीत बघून ठेवली आहे. छोटा हत्ती टेम्पो ठरवतो, भाडं माझं. सुतारमामा एक दिवस यायला तयार आहेत, फक्त खंबाटकीत त्यांना गाडी लागते. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने क, ख, ग घातलंय, खुंट्या बेसनाच्या डब्यात आहेत. डबा तोच.

साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद. भिंत तेवढी मोजून कळव. दार मोजायची गरज नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या