माजुलीच्या रासाला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्याही सर्व इंदूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या कार्तिकी पौर्णिमेच्या रासोत्सवासाठी आपल्या मंडळाची यात्रा आसामातल्या माजुली बेटावर जात आहे. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. त्याखेरीज आम्ही एक वेगळा निधी उभारत आहोत आणि त्यासाठी हे पत्र आहे. बेटावरच्या कारागिरांकडून मुखवटे आणि हातमागाचे कापड पूर्ण पैसे आगाऊ देऊन घेणे, ज्या सत्रांत (तिथल्या वैष्णव मठांत) आपण जाऊ तिथे योग्य ती रक्कम ठेवणे, आणि यात्रेकरूंच्या हाती एक मराठी माहितीपुस्तिका देणे, एवढ्याच कामांसाठी हा निधी वापरला जाईल. पुस्तिकेतला बराच मजकूर खाली दिला आहे. तो वाचून मगच द्यायचे की नाही ते ठरवावे.

माजुली हे ब्रह्मपुत्रेच्या पात्रातले बेट. दक्षिणेला मुख्य नदी, उत्तरेला सुबनसिरी आणि खेरकुटिया सुती हा ब्रह्मपुत्रेचाच एक फाटा. २०१६ साली माजुलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. पण हे बेट दरवर्षी थोडे थोडे नदीत जाते आहे. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपात वरच्या डोंगरांतल्या दरडी कोसळल्या, तो गाळ पात्रात बसला, पात्र उथळ झाले आणि प्रवाह काठांवर आदळू लागला. काठ वाळूचा आणि मऊ गाळाचा. पूर चढत असताना जितका काठ पडतो त्याहून जास्त तो पूर ओसरताना पडतो, कारण पाणी मुरून जड झालेल्या कडेला बाहेरून असलेला पाण्याचा आधार निघून जातो आणि सबंध कडा खाली बसते. शंभर वर्षांत निम्म्याहून अधिक जमीन अशी गेली. कित्येक सत्रांना जागा बदलावी लागली, काही तर बेट सोडून मुख्य भूमीवर गेली. म्हणूनच तिथे मंडळाच्या नावाची खोली बांधावी किंवा संगमरवरी पाटी लावावी, अशा सूचना आम्ही स्वीकारलेल्या नाहीत. माणसांच्या हातातले कौशल्य जागा बदलली तरी बरोबर जाते. पैसा त्यात घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता सत्रांविषयी. श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांची पहिली भेट याच बेटावर झाली. एकनाथांनी भागवताचा अकरावा स्कंध मराठीत आणला, त्याच शतकात शंकरदेवांनी दशम स्कंधाचा पहिला भाग असमियात आणला. नामस्मरण, कीर्तन आणि सर्व जातींना एका नामाखाली घेणारी भक्ती आपल्याला ओळखीची वाटेल. पण म्हणून तिथे जाऊन विठ्ठलाची मूर्ती शोधावी तसे करू नये. नामघर हा लांब, खांबांचा, बहुतेक उघडा सभामंडप. त्याच्या एका टोकाला मणिकूट, म्हणजे गाभारा. मणिकुटात आसनावर बहुधा ग्रंथच ठेवलेला असतो आणि वंदन त्यालाच करायचे असते. औनिआटी आणि दखिणपाट या सत्रांत मूर्तीही आहेत, तर कमलाबारीच्या परंपरेत त्या नाहीत. हा फरक संप्रदायाच्या चार शाखांमधला, म्हणजे संहतींमधला आहे. 'तिथे होती, इथे का नाही' असा वाद भकतांशी, म्हणजे सत्रात राहणाऱ्या साधकांशी, घालू नये.

पादत्राणे नामघराच्या पायरीखालीच काढावीत. बाहेरच्यांनी मणिकुटात जाऊ नये, दारातून फोटोही घेऊ नये. नामघरात फोटो घ्यायचा असल्यास आधी विचारावे, आणि नाम चालू असताना विचारूही नये. औनिआटीसारख्या उदासीन सत्रांत भकत ब्रह्मचारी असतात. बरेचजण लहान वयातच सत्रात येतात. स्नान करून नामघराकडे निघालेल्या भकताला हात लावू नये. आपल्याकडचे सोवळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. नामघराभोवती रांगेने भकतांच्या खोल्या असतात, त्यांना हाटी म्हणतात. ती त्यांची घरे आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. दारे उघडी दिसली तरी बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. लहान भकतांना चॉकलेट, पैसे किंवा मोबाईल दाखवून फोटोसाठी उभे करणे तर आपल्या यात्रेत चालणारच नाही. दक्षिणा भकताच्या हातात न देता सत्राच्या कार्यालयात किंवा ठेवलेल्या पात्रात द्यावी. कोणी गामोसा, म्हणजे तिथला विणलेला पंचा, गळ्यात घातला तर तो मान आहे. त्याने घाम पुसू नये आणि तो खुर्चीवर अंथरू नये.

गायन-बायन (गायक-वादकांचे एकत्र सादरीकरण), खोल या मृदंगासारख्या वाद्याचे बोल, भाओना ही धार्मिक नाटके आणि सत्रिया नृत्य हे सगळे नामघरातूनच आले आहे. सत्रियाला संगीत नाटक अकादमीने २००० साली शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला, पण भकतांसाठी ती उपासना आहे. अंकात मध्येच उठून जाऊ नये, टाळ्यांची घाई करू नये. रासाचे प्रयोग रात्री उशिरापर्यंत, काही ठिकाणी पहाटेपर्यंत चालतात. सगळे पाहण्याचा हट्ट धरला तर एकही धड पाहून होत नाही. एका रात्री एकच ठिकाण ठरवून बसावे.

निधीतला सर्वात मोठा वाटा मुखवट्यांसाठी आहे, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. सामगुरी सत्र या कलेसाठी ओळखले जाते. तिथले हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मुखवटा तीन प्रकारचा असतो. नुसत्या चेहऱ्याचा तो मुख मुखा. जबडा, डोळे असे भाग हलतात तो लोटोकाई मुखा. आणि डोके-धड मिळून माणसापेक्षा उंच होतो तो बर मुखा.

काम सुरू होते ते जाति जातीच्या बांबूपासून. बांबू पाण्यात भिजत ठेवतात, मग त्याच्या पातळ कामट्या काढून षटकोनी जाळीचा सांगाडा विणतात. कुंभारी मातीच्या रबडीत बुडवलेले सुती कापड त्यावर चढवतात. ते वाळले की माती आणि गाईचे शेण कालवून नाक, ओठ, भुवया, गाल उभे करतात. अर्धवट ओले असतानाच बांबूच्या करणीने घासून आकार नेमका करतात, पुन्हा कापडाचा थर देतात, वाळवतात, मग रंग. जुने रंग हिंगूळ आणि हरताळ. पहिल्यात पारा असतो, दुसऱ्यात आर्सेनिक, म्हणून जुन्या मुखवट्याला हात लावून तोच हात तोंडात घालू नये, मुलांना तर आधीच बजावावे. हल्ली बाजारचे रंगही वापरतात.

चेहऱ्याच्या साध्या मुखवट्याला उन्हाच्या मानाने दहा-पंधरा दिवस जातात. घाई करून शेकोटीवर वाळवला तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि नाकाच्या मुळाशी तडा जातो. किंमत ऐकून 'जरा कमी करा' म्हणण्याआधी हे दिवस मोजावेत. आपल्या यात्रेत मुखवट्यांच्या किमतीवर घासाघीस करायची नाही, हा नियम आहे. विकला जाईल तसे पैसे देऊ, अशा बोलीवरही आपण माल आणणार नाही. त्या व्यवहारात वाटेतली तूटफूट आणि न विकलेला माल, दोन्ही कारागिराच्याच अंगावर पडतात. आपण तिथेच पूर्ण पैसे देऊ, पुढची जबाबदारी मंडळाची.

इंदूरपर्यंतचा प्रवास लांबचा आहे. प्रत्येक मुखवटा स्वतंत्र खोक्यात, खाली-वर पेंढा घालून, चेहरा वर करून ठेवावा लागेल. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते. तरीही एखाद-दुसऱ्याला तडा जाणारच. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर काम केलेल्या कारागिरांना आमची खास विनंती आहे: बांबू आणि मातीचे काम जाणणारे दोन-चार हात मुखवटे आल्यावर आठवडाभर मिळाले, तर दुरुस्ती इथेच होईल. हे मुखवटे नंतर मंडळाच्या बालनाट्यासाठी आणि प्रदर्शनासाठी वापरले जातील.

बेटावर मिसिंग या आदिवासी समाजाची मोठी वस्ती आहे, देउरी आणि सोनोवाल कछारीही आहेत. त्यामुळे माजुली म्हणजे फक्त सत्रे असे समजू नये. मिसिंगांची चांग घरे खांबांवर उभी असतात, पूर आला तरी राहता यावे म्हणून. जिन्याखालीच चप्पल काढावी. खाली डुकरे आणि कोंबड्या असतात. नाक मुरडू नये. पाहुण्याला आपोंग, म्हणजे तांदळाची घरगुती दारू, देतात. नको असेल तर ओतण्याआधीच हात जोडून सांगावे, ओतल्यावर टाकून देऊ नये. अली-आये-लिगांग हा पेरणीचा सण फाल्गुनातल्या पहिल्या बुधवारी असतो. कार्तिकात जाऊन 'तो नाच जरा करून दाखवा' अशी फर्माईश कोणी करू नये. कापड घ्यायचे तर मागावर बसलेल्या बाईकडूनच घ्यावे आणि पैसे तिच्याच हातात द्यावेत. सालमोराला कुंभारवाड्यात बायका चाकाशिवाय, हाताने थापून मडकी घडवतात. तेही पाहावे आणि एखादे छोटे मडके घ्यावे.

प्रवासाचे थोडक्यात. महू–कामाख्या साप्ताहिक गाडीने गुवाहाटी, तिथून जोरहाट, तिथून निमाती घाट आणि फेरीबोट. बोट साधारण तासाभराची, पण पाण्याची पातळी आणि वाळूचे पट्टे यांवर वेळ अवलंबून असते. नोव्हेंबरात तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, शेवटची बोटही दुपारीच निघते. इंदूरच्या घड्याळाने वागणारा हमखास घाटावर राहतो. लाइफ जॅकेट सर्वांनी घालायचेच. सप्टेंबर २०२१ मध्ये याच घाटाजवळ दोन बोटींची टक्कर झाली होती. रोख रक्कम सोबत असावी. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय आपल्याला आहेच. प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा पिशवीत भरून जोरहाटपर्यंत परत आणायचा.

जुने कपडे, जुनी पांघरुणे, जुनी खेळणी आणू नयेत. ती बोटीवर चढवण्याचा खर्चच वस्तूपेक्षा जास्त होतो, आणि तिथल्या बायका स्वतः विणलेले नेसतात. आम्हाला हवे आहे ते असे: रोख किंवा धनादेश, रक्कम कितीही, जाड पुठ्ठ्याची स्वच्छ खोकी, असमिया वाचता येणारी एखादी व्यक्ती, जी पुस्तिकेतली नावे तपासून देईल, हिशेब तपासायला एक लेखापाल, आणि यात्रेत येणारे एक डॉक्टर. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. खर्चाचा तपशील, कोणत्या कारागिराला किती दिले यासह, यात्रेनंतर मंडळाच्या फलकावर लावला जाईल. यात्रेला न येणाऱ्यांनी दिलेल्या रकमेतून फक्त मुखवटे आणि कापड घेतले जाईल, पुस्तिकेचा खर्च जाणाऱ्यांच्या वर्गणीतून होईल.

मुखवट्यांसाठीची रक्कम मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत पोहोचायला हवी. पाऊस सरल्यावरच वाळवणीला ऊन मिळते, आणि त्यापुढे कारागिरांचे हात रासाच्या स्वतःच्या कामात गुंततात. तोवर आगाऊ रक्कम गेली नाही, तर यंदा मुखवटे मिळणार नाहीत. बाकी देणग्या आणि यात्रेची नावे कोजागिरीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळात द्यावीत.

आपले,
यात्रा समिती, इंदूर